हिरव्या लादीला पाणी

२२ सप्टेंबर, रविवार

आजपासून मी फोरमन. तीन महिन्यांची ट्रायल आहे, पण टोपी आजच बदलली. पिवळी काढून घेतली, पांढरी दिली. आरशात बघितलं तर डोक्यावर पातेलं उपडं घातल्यासारखा दिसतोय.

रितेश साहेब म्हणजे आमचे प्रोजेक्ट इंजिनिअर, पुण्याचे, माझ्या मुलीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "काशिनाथकाका, आता रोजच्या रोज रिपोर्ट द्यायचा. काय काम झालं, किती झालं, काय प्रॉब्लेम आला. बास." देईन म्हटलं. पण रिपोर्टात मनातलं लिहिता येत नाही, आणि एकोणीस वर्षं कुवेतात लाद्या बसवताना मनात बरंच साचलंय. म्हणून ही वेगळी वही आणली. अशरफ म्हणाला, "फोरमन झाला नाही तोच आत्मचरित्र?"

अशरफ माझा रूम पार्टनर, दाभोळचा. कंपनीचं स्टोअर सांभाळतो. सिमेंट, वाळू, खिळे, हातमोजे, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. फरवानियाच्या या एका खोलीत आम्ही अकरा वर्षं काढली. तो म्हणतो मी घोरतो, मी म्हणतो तो खोटारडा आहे. याच्यापलीकडे आमचं कधी भांडण झालेलं नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

फोरमन म्हणून पहिलं काम मिळालं. कैफानमध्ये एका वयस्क कुवेती गृहस्थांची दिवानिया आहे, म्हणजे पुरुष मंडळींच्या बैठकीची मोठी खोली. जुनी फरशी उखडून हिरव्या मार्बलच्या लाद्या बसवायच्या. तोपर्यंत त्यांची दर मंगळवारची बैठक अंगणात तंबू ठोकून चालू आहे.

गृहस्थांना सगळे बू यूसुफ म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वडील मुंबईत खजुराचा धंदा करायचे, त्यामुळे लहानपण तिथं गेलं आणि हिंदी अजून जिभेवर आहे. पुढं आयुष्यभर तेल कंपनीत दगडांचा अभ्यास केला. घरात काचेचं एक कपाट आहे, त्यात भांडी नाहीत, चिनीमाती नाही, नुसते दगड. मला नावाने हाक मारायची म्हणून 'काशी' केलं. करा बापडे.

लाद्या ओमानहून आल्यात, त्यांनी स्वतः निवडून. तरुणपणी त्या डोंगरांत पायी हिंडले म्हणे. क्रेट उघडल्यावर पहिल्या लादीवर असा हात फिरवला, जणू घरातलं कुणी परत आलंय. गर्द हिरवा रंग, मधेच काळसर डाग आणि पांढऱ्या शिरांचं जाळं. मी एवढ्या लाद्या बघितल्या, पण अशी नाही बघितली. जाडी मात्र दहाच मिलिमीटर, बांगडीसारखी नाजूक.

"काशी, इसका ध्यान रखना," बू यूसुफ म्हणाले. "ये समंदर का बच्चा है।"

म्हातारपणी माणूस दगडालाही बच्चा म्हणतो. परवा ते मुलीकडे लंडनला चाललेत, दोन आठवड्यांनी येतील. येईपर्यंत अर्धी खोली उठून दिसली पाहिजे, असं मी ठरवलंय.

२६ सप्टेंबर, गुरुवार

बू यूसुफ गेले. जमिनीची लेव्हल काढली, दोरी बांधली, गुण्या लावून काटकोन बघितला. खोली एका कोपऱ्यात दीड सेंटिमीटर वाकडी आहे. आधी ज्याने काम केलं त्याला माझा नमस्कार.

लाद्या भिजत घातल्या. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मला हे काम नाना मेस्त्रींनी शिकवलं, त्यांचा नियमच होता की लादीला पोटभर पाणी पाजल्याशिवाय थापी उचलायची नाही. कोरडी लादी सिमेंटातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट मरतं. हल्लीचे कारागीर दोन मिनिटं पाणी शिंपडतात आणि वर फुशारकी मारतात. मी दोन निळ्या टाक्या भरल्या आणि लाद्या रात्रभर पाण्यात ठेवल्या. समुद्राचं पोर म्हणे! मग ते पाण्याला कशाला भिईल?

ओल्या झाल्यावर काय रंग खुलला म्हणून सांगू. हेल्पर दोघंही बघत राहिले.

३० सप्टेंबर, सोमवार

चाळीस लाद्या बसल्या. रबरी हातोडीने एकेक ठोकून घेतली, कुठेही पोकळ आवाज नाही. जोडावरून नखसुद्धा अडकत नाही. रितेश साहेबांनी फोटो काढून मॅनेजमेंटला पाठवला आणि खाली लिहिलं, "एक्सलंट वर्कमनशिप". नर्मदेला, म्हणजे आमच्या मंडळींना, मी तोच फोटो पाठवला. तिनं उलट विचारलं, "जेवलात काय?"

खोलीत एसी जोरात चालू ठेवला आहे, लवकर सुकावं म्हणून.

३ ऑक्टोबर, गुरुवार

काय लिहू?

सकाळी दार उघडलं आणि दारातच पाय अडखळला. लादीचा कोपरा वर आला होता. मग बघतो तर दुसरी, तिसरी, सगळी ओळच. चारी कोपरे उचललेले आणि मधे खोल, अगदी पापड भाजताना होतो तसा आकार. हातोडी मारली, पोकळ आवाज. एकोणीस वर्षांत माझी एक लादी सुटलेली नाही हो! गुडघे टेकून बसलो तो अर्धा तास उठलोच नाही. हेल्पर आपसात कुजबुजत होते, त्यांच्यावर उगाच खेकसलो.

चाळीसपैकी तेहेतीस गेल्या.

५ ऑक्टोबर, शनिवार

दोन रात्री डोकं खाजवलं. माप बरोबर, मिश्रण बरोबर, पाणी तर पोटभर पाजलेलं. मग उरलं काय? सिमेंट. ऑगस्टमध्ये हवा किती दमट होती, तेव्हा स्टोअरच्या शेडमध्ये पोती पडून होती. दोन पोत्यांत गाठी झालेल्या मी स्वतः बघितल्यात. ती पोती या कामावर आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आमचं सिमेंट हातात घेतलं तेव्हा पिठासारखं मऊ होतं. पण सगळीच पोती काही हातात घेऊन बघितली नाहीत ना.

रितेश साहेबांनी विचारलं, "काका, कारण काय लिहू?" मी म्हटलं, "सिमेंट जुनं. स्टोअरमध्ये नीट ठेवलं नाही." त्यांनी टाइप केलं, मी सही केली.

सही करताना हात जड झाला. फोरमनच्या टोपीला एवढ्यात डाग नको, एवढंच डोक्यात होतं. अशरफला कोण काय करणार आहे? जुना माणूस आहे, फार तर चार शब्द बोलतील.

८ ऑक्टोबर, मंगळवार

अशरफला ऑफिसात बोलावलं होतं. संध्याकाळी कांदा चिरता चिरता तो म्हणाला, "डिसेंबरात माझा इकामा संपतोय. कंपनी नवा करील की नाही, सांगता येत नाही म्हणाले. माल सांभाळता येत नाही म्हणे मला."

इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. तो नाही तर माणूस नाही, सामान बांधायचं आणि जायचं. अशरफची मुलगी झरीन नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मी म्हटलं, "बघू, काहीतरी होईल."

तो म्हणाला, "हं." आणि कांदा चिरत राहिला. कालपासून तो मला काशिनाथ म्हणत नाही, 'फोरमन' म्हणतो. चेष्टा करायची सवयच आहे त्याला. मी आज जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळी कपाटावर हत्यारं मांडली. थापी, लेव्हल, ओळंबा, हातोडी. हळदकुंकू वाहिलं. झेंडू अशरफनेच आणून ठेवला होता, दरवर्षी आणतो. मी हात जोडले पण मागितलं काहीच नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

कैफानला गेलो तर बू यूसुफ परत आलेले. म्हटलं, आता म्हातारा ओरडणार. पण ते काठी टाकून जमिनीवर बसले, उचललेल्या कोपऱ्याखाली बोट घातलं आणि चक्क हसायला लागले. "अभी तक ज़िंदा है!" अहो, माझी नोकरी जायची वेळ आली आणि यांना हसू फुटतंय!

मग हाताला धरून मला दगडांच्या कपाटाकडे नेलं. दोन दगड माझ्या दोन हातांत ठेवले, आकाराने सारखेच. एक काळपट, थोडा शेवाळी झाक असलेला, वजनाने चांगलाच भारी. दुसरा आपला हिरवा, हलका, हाताला साबणासारखा गुळगुळीत. म्हणाले, हे दोन्ही एकच. डाव्या हातातला म्हणजे आधीचा आणि उजव्या हातातला म्हणजे नंतरचा.

मला पटेना. पण ते सांगत गेले आणि मी ऐकत गेलो. नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी ओमानचे डोंगर डोंगर नव्हतेच, समुद्राचा तळ होते. त्या तळाच्याही खाली हा काळा दगड. तळाला भेगा पडल्या, भेगांतून समुद्राचं पाणी खाली झिरपलं. तिथं उकळत्या पाण्याच्या दोन-तीन पट गरमी, आणि वर अख्ख्या समुद्राचं ओझं. त्या गरम पाण्याने दगड बदलला. मी म्हटलं, वितळला? तर म्हणाले, नाही, तीच तर गंमत. वितळला नाही, फुटून पीठ झाला नाही, घट्टच राहिला आणि आतल्या आत कणाकणाने दुसराच झाला. पाणी आत शिरलं ते तिथंच दगडाचा भाग होऊन बसलं. मग दगड फुगला, फुगल्याने नव्या भेगा पडल्या, त्यांतून आणखी पाणी शिरलं. नंतर कधीतरी जमिनी एकमेकींवर आपटल्या तेव्हा हा सगळा तळ वर ढकलला गेला आणि त्याचे डोंगर झाले.

मी म्हटलं, आमच्या कणकवलीकडे काळा कातळ पावसाने कुजून कुजून तांबडा जांभा होतो, आम्ही त्याचीच घरं बांधतो. तर म्हातारा खूश! पाठीवर थाप मारली. म्हणाले, तो पावसाचा कारभार, वरवरचा आणि थंड. हा खालचा आणि गरम. पण कारागीर तोच, पाणी.

चहा झाला. मला बरं वाटलं, उगाच का होईना.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज मी लिंबाचा प्रयोग केला. मार्बलवर लिंबू सांडलं की बुडबुडे येतात आणि पॉलिश मरतं, हे आम्हा मिस्त्रींना पाठ आहे. डब्यातल्या लिंबाची फोड हिरव्या लादीवर पिळली. काही नाही! फक्त पांढऱ्या शिरेवर बारीक बुडबुडे उठले. बाजूला इटलीच्या पांढऱ्या मार्बलचा तुकडा होता, त्यावर पिळलं तर सगळीकडे बुडबुडे.

बू यूसुफना दाखवलं तर म्हणाले, शाबास. ती पांढरी शीर नंतरच्या पाण्याने भेगेत भरलेला चुना. बाकीचा हिरवा भाग मार्बल नव्हेच. बाजारात सगळे त्याला ग्रीन मार्बल म्हणतात म्हणून तो मार्बल होत नाही. मग त्यांनी फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. काळ्या दगडाला लावलं तर पडलं. हिरव्याला लावलं तर जरासं ओढून चिकटलं. पाण्याने दगड बदलताना त्यातलं लोखंड सुटं झालं आणि त्याचे काळे कण बनले, तेच हे काळसर डाग. मी चुंबक पाच वेळा लावून बघितलं. पोरासारखा नाचायचाच बाकी होतो.

मग त्यांनी सहज विचारलं, "पानी में रखा था क्या?"

मी म्हटलं, "थोडा छिडका था।"

का म्हणालो असं? ओठांवर आलं ते बाहेर पडलं. ते म्हणाले, हा दगड पाण्यातून जन्मला, पण तहान भागलेली नाही त्याची. पातळ कापला की आणखी पितो आणि फुगतो. दगड मी ओळखतो, बसवायचं काम मात्र मिस्त्रीचं, म्हणाले.

घरी येताना बसमध्ये मी स्वतःला सांगत होतो की सिमेंटच खराब होतं. फरवानिया येईपर्यंत सांगत होतो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

क्रेटमधल्या दोन कोऱ्या लाद्या खोलीवर आणल्या. एक ओल्या गोणपाटावर ठेवली, वरून पंख्याचा वारा. दुसरी कोरडीच टेबलावर. सिमेंटचा कणसुद्धा नाही.

अशरफ आत आला, बघून म्हणाला, "फोरमन, लादीला ताप आलाय काय?"

मी म्हटलं, "टेस्ट आहे."

"कसली?"

"अशीच."

त्याने थोडा वेळ लादीकडे बघितलं, मग माझ्याकडे. गोणपाट सुकत आलं होतं, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि गेला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पट्टी धरली. कोरडी लादी सरळ. गोणपाटावरची चारी कोपऱ्यांनी वर. मधे पट्टीखालून जाड पुठ्ठा आरपार गेला.

वरची बाजू वाऱ्याने सुकली, खालची पाणी पीत फुगत राहिली. खालची बाजू लांबली की कोपरे वर येणारच, शेंबड्या पोरालाही कळेल. कैफानच्या खोलीत एसी वरून सुकवत होता आणि खाली ओला सिमेंटचा थर. आणि त्याआधी रात्रभर टाकीत पाजलेलं पाणी, ते कोणी पाजलं? नाना मेस्त्रींनी नाही. मीच पाजलं. मार्बलचा नियम मार्बल नसलेल्या दगडाला लावला, आणि वर छाती काढून फिरलो.

सिमेंट चांगलं होतं. अशरफने चांगलंच ठेवलं होतं.

मी गाढव आहे. गाढव परवडलं, त्याला सही करता येत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. अशरफने सुरमई आणली. मी ठरवलं होतं की जेवताना सांगायचं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "मीठ बरोबर आहे."

दुपारी नर्मदेला फोन लावला आणि सगळं ओकलो. ती ऐकून घेते, मधे बोलत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते. शेवटी विचारलं, "मगे सायबाक सांगितल्यात?"

"नाय."

"आणि अशरफाक?"

"नाय."

"मगे माका कित्याक सांगतास? मी काय तेचो इकामो करतलंय?"

मी म्हटलं, फोरमनकी जाईल. कदाचित मलाच घरी पाठवतील. ती म्हणाली, "येवा. घर खय पळॉन जाता?" आणि फोन ठेवला.

२० ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

दोन्ही लाद्या पिशवीत घालून रितेश साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. टेबलावर ठेवल्या, वर पट्टी ठेवली. म्हटलं, "साहेब, सिमेंटचा दोष नाही. मी लाद्या रात्रभर भिजवल्या. या दगडाला पाणी चालत नाही, कारण हा मार्बल नाही. समुद्राच्या तळाखालचा दगड आहे, पाण्याने बदललेला, अजून पाणी पितो." चुंबकाचंही सांगायला निघालो होतो, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो.

त्यांनी पट्टी उचलून दुसऱ्या लादीवर धरून बघितली. मग म्हणाले, "काका, हे कोणालाच कळलं नसतं."

"मला कळलंय ना."

"तुमची ट्रायल चालू आहे. मी हे वर पाठवलं तर..."

"पाठवा. अशरफचं नाव काढा आधी."

त्यांनी नवीन रिपोर्ट टाइप केला. या वेळी मी प्रत्येक ओळ वाचायला सांगितली, अर्थ विचारला आणि मग सही केली. हात अजिबात जड नव्हता. बाहेर आलो आणि जिन्यातच बसलो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

निकाल लागला. पांढरी टोपी परत दिली. फोरमनकी गेली, मिस्त्रीची जागा राहिली. ते कशामुळे, तर परवा मी बू यूसुफनाही खरं सांगितलं होतं आणि त्यांनी स्वतः ऑफिसला फोन केला. म्हणाले, हा दगड आता एकाच मिस्त्रीला कळतो, दुसरा पाठवलात तर दार उघडणार नाही. माझ्या तोंडावर मात्र दहा मिनिटं झापलं. छिडका था म्हणे! मी मान खाली घालून ऐकलं. बरं वाटलं म्हणालो तर कुणाला खोटं वाटेल, पण वाटलं.

अशरफचा पासपोर्ट इकाम्यासाठी ऑफिसने मागवून घेतला. घरी येऊन म्हणाला, "माझं काम झालं. रिपोर्ट बदलला म्हणे कोणीतरी."

मी म्हटलं, "चांगलं झालं."

"चांगलंच झालं," तो म्हणाला आणि चहा टाकला. त्याला सांगायचं अजून राहिलंच आहे. साहेबाला सांगितलं, बायकोला सांगितलं, कुवेती म्हाताऱ्याला सांगितलं, आणि हाताच्या अंतरावर झोपणाऱ्याला सांगता येत नाही. असा कसा मी?

१० नोव्हेंबर, रविवार

दिवानिया पूर्ण झाली!

वाकलेल्या लाद्या काढून सावलीत कोरड्या केल्या, सपाट फळ्यांमधे दाबून ठेवल्या. वीसेक पुन्हा सरळ झाल्या, बाकीच्या कापून भिंतीच्या कडेला लावल्या. या वेळी पाण्याचा थेंब नाही. प्रत्येक लादीच्या पाठीला लेप दिला आणि दोन डब्यांतला चिकट माल एकत्र कालवून त्याच्यावर बसवल्या. वास असा की डोळ्यांतून पाणी. नाना मेस्त्री बघायला असते तर मला बडवलं असतं. पण मी त्यांनाही गोणपाट आणि पट्टी दाखवली असती, आणि ते गप्प बसले असते. हट्टी होते, पण डोळ्यांनी बघितलेलं नाकारणारे नव्हते.

बू यूसुफ रोज खुर्ची टाकून बसायचे. मी लादी उचलली की तिच्यावरचं सांगायचे. इथं आधी भेग पडली, मग ही जाड शीर भरली. ही बारीक शीर तिला कापून गेली आहे, म्हणजे ही नंतरची. आता मलाच दिसायला लागलंय, आधी काय झालं, नंतर काय झालं. शेवटच्या तीन ओळी मी शिरा बघून जुळवल्या. एका लादीतली शीर दुसरीत, तिथून तिसरीत, अशी दारापासून खिडकीपर्यंत नेली. पिवळी टोपी घालून, गुडघ्यावर बसून, तोंडाने गुणगुणत. फायली, रिपोर्ट, हे माझं कामच नव्हे. थापी हातात आली आणि मला गार वाटलं.

मंगळवारी पहिली बैठक आहे आत. मलाही बोलावलंय, हत्यारं न घेता यायचं म्हणून बजावलंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अशरफला सांगितलं.

तो ताटात बांगड्याचे काटे काढत होता. मी म्हटलं, "अशरफ, ते सिमेंटचं माझ्यामुळे झालं. पहिल्या रिपोर्टावर सही माझी होती."

मान वर न करता म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरच्या सात तारखेपासून, सोमवार होता. रिपोर्टाची कॉपी स्टोअरला येते. तुझी सही मी ओळखणार नाही? अकरा वर्षं मालाच्या चिठ्ठ्यांवर तीच बघतोय."

सात ऑक्टोबर म्हणजे ऑफिसात बोलावण्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवसापासून आज सव्वा महिना हा माणूस माझ्याबरोबर एका खोलीत उठला, बसला, जेवला. मी म्हटलं, "मग काही बोलला का नाहीस? शिव्या घालायच्या होत्यास. ऑफिसात जाऊन सांगायचं होतंस."

"तू बोलशील म्हणून थांबलो."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाला, "तर डिसेंबरात गेलो असतो. दर सुट्टीला जातो तसा एक दिवस तुझ्या घरी गेलो असतो. वहिनींनी विचारलं असतं, कसे आहेत? मी म्हटलं असतं, फोरमन झालाय, मजेत आहे."

माझ्या बायकोच्या डोळ्यांत बघून हा असं बोलून आला असता, आणि मला आयुष्यभर कळलंसुद्धा नसतं. मी तिथंच ताटावर रडलो, एकावन्न वर्षांचा बाप्या, नाक पुसत.

अशरफने काटे काढलेला बांगडा माझ्या ताटात सरकवला. "खा आता, काशिनाथ," म्हणाला, "निवतंय."

मी खाल्लं.